झोपलेले पहारेकरी

चार शिपाई गाढ झोपलेत आणि त्यांच्या मागे, दगडी थडग्यात उभा राहून, एक माणूस सरळ आपल्याकडे बघतोय. चित्रात घडतं ते एवढंच. देवदूत नाहीत, उजेडाचा स्फोट नाही, घाबरून पळणारं कोणी नाही. त्या माणसाने एक पाय थडग्याच्या काठावर ठेवलाय, उजव्या हातात पांढऱ्यावर लाल क्रूस असलेलं निशाण धरलंय, फिकट गुलाबी वस्त्र एका खांद्यावरून खाली आलंय आणि उघड्या कुशीत भाल्याची जखम अजून ओली आहे. मागे टेकड्या, थोडी झाडं, पहाटेचं आभाळ.

पिएरो देल्ला फ्रांचेस्का या इटालियन चित्रकाराचं हे 'पुनरुत्थान'. १४६० च्या दशकात कधीतरी त्याने ते भिंतीवर रंगवलं. साधारण सव्वादोन मीटर उंच आणि दोन मीटर रुंद, म्हणजे आपल्या दिवाणखान्यातली एक भिंत पुरी व्यापेल एवढं. इटलीत सानसेपोल्क्रो नावाचं एक लहान गाव आहे, तिथल्या नगर संग्रहालयात ते आहे.

मी चित्रकलेची विद्यार्थिनी नव्हे. बी. ई. झाले आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण बडोद्यात वाढलेल्या मुलांना चित्रांपासून लांब राहता येत नाही, हे या अंकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. रविवारी कमाटी बागेत खेळायला जायचं आणि ऊन झालं की म्युझियममध्ये शिरायचं, हा आमच्या घरचा नेम होता. सयाजीराव महाराजांनी युरोपातून मुद्दाम मागवलेली चित्रं तिथल्या चित्रशाळेत आहेत. इमारत १९१४ मध्ये बांधून झाली, पण महायुद्धामुळे चित्रं यायला उशीर झाला आणि ती उघडली १९२१ मध्ये. आम्हा मुलांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. सोनेरी चौकटीतली गोरी माणसं आभाळाकडे बघून रडताहेत, एवढंच वाटे. ख्रिस्ती धर्मातल्या चित्रांबद्दल माझा जो समज झाला तो तिथलाच: ही चित्रं फार भावुक असतात, आणि ती आपल्यासाठी नसतात.

दोन-तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे बोलोन्याला जावं लागलं. टीममधला एक इटालियन सहकारी जेवताना म्हणाला, "तू इंजिनिअर आहेस ना, मग फ्लोरेन्सच्या रांगेत उभी राहू नकोस, पिएरो बघायला जा." पिएरोच का, असं विचारल्यावर त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, "तो गणिती होता." शनिवारी मी निघाले. फ्लोरेन्सवरून अरेत्सोपर्यंत आगगाडी, तिथून पुढे डोंगरातून सुमारे ४० किलोमीटर बस. बसमध्ये मी, दोन आज्या आणि शाळेची पोरं. लेखक आल्डस हक्सले १९२५ च्या आपल्या निबंधात या गावाला पोचणं किती त्रासाचं आहे याचं रसभरित वर्णन करून, एवढा त्रास काढून बघावं असं जगातलं सर्वोत्कृष्ट चित्र इथे आहे, असं ठणकावून सांगतो. आता रस्ता चांगला आहे. पण गाव अजूनही वाटेत लागत नाही, तिथे मुद्दाम जावं लागतं.

सानसेपोल्क्रो म्हणजे 'पवित्र थडगं'. दहाव्या शतकात आर्कानो आणि एजिदियो नावाचे दोन यात्रेकरू जेरुसलेमहून ख्रिस्ताच्या थडग्याचे अवशेष घेऊन परतताना इथे थांबले आणि त्यांनी बांधलेल्या देवळीभोवती गाव वसलं, अशी तिथली आख्यायिका. आपल्याकडे जसं एखादं गाव स्वयंभू पिंडीभोवती वसतं, तसंच. त्यामुळे ख्रिस्ताचं थडग्यातून उठणं हा या गावाला फक्त धर्मग्रंथातला प्रसंग नाही, ती गावाची ओळख आहे. आणि हे चित्र काढलं गेलं ते चर्चमध्ये नाही, गावच्या कारभाऱ्यांच्या सभागृहात. म्हणजे पाणीपट्टी, भांडणं, बांधाचे वाद वगैरे ज्या खोलीत चालायचं, तिथल्या भिंतीवरून हा माणूस सगळ्यांकडे बघत असे. त्या काळी गाव फ्लोरेन्सच्या ताब्यात होतं. १४४१ मध्ये पोपने पैशांच्या गरजेपायी ते फ्लोरेन्सला देऊन टाकलं होतं. पिएरो स्वतः याच गावचा, चांभाराचा मुलगा. मोठमोठ्या राजेरजवाड्यांची कामं करून तो परत परत इथेच येत राहिला आणि गावच्या कारभारी मंडळातही बसला. स्वतः ज्या सभागृहात बसायचं तिथलं चित्र स्वतःच काढायचं, असा योग किती चित्रकारांच्या वाट्याला येतो?

आता प्रसंग थोडा सांगायला हवा, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो अर्धवट माहीत असतो. ख्रिस्ताला शुक्रवारी क्रुसावर चढवलं, पुरलं आणि रविवारी पहाटे थडगं रिकामं सापडलं. ज्यावर ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे तो हा प्रसंग. गंमत अशी की चारही शुभवर्तमानांत ख्रिस्त प्रत्यक्ष थडग्यातून उठतानाचं वर्णन कुठेच नाही. स्त्रिया पहाटे येतात तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. मधला क्षण कोणीच पाहिलेला नाही. चित्रकारांना मात्र नेमका तोच क्षण काढायचा असतो.

पहारेकरीही फक्त मत्तयच्या शुभवर्तमानात येतात. शिष्यांनी प्रेत पळवून नेऊ नये म्हणून थडग्यावर पहारा बसवला होता. देवदूताला बघून ते पहारेकरी भीतीने मेल्यासारखे झाले, असं तिथे लिहिलंय. पुढे ते शहरात जाऊन घडलेलं सांगतात, तेव्हा याजक त्यांना पैसे देतात आणि बजावतात, 'आम्ही झोपलो असताना शिष्यांनी प्रेत चोरलं, असं सांगा.' म्हणजे ग्रंथात ती झोप ही पढवलेली थाप आहे. चित्रकारांनी शेकडो वर्षं ती खरीच धरली आणि पहारेकऱ्यांना खुशाल झोपवून टाकलं. मला हे फार आवडतं. डोळ्यांदेखत असं काही घडलं असतं तर ते दिसलं कसं असतं, हा अवघड प्रश्न त्यांनी झोपेवर सोपवला.

(जाता जाता: हीच ख्रिस्तकथा आपल्या मराठीत ओवीबद्ध आहे. गोव्यात राहून मराठी शिकलेल्या फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. पिएरोच्या चित्रानंतर जेमतेम दीडशे वर्षांनी. तेव्हा हा विषय आपल्या भाषेला परका आहे असं म्हणायची सोय नाही.)

चित्राची मांडणी पिएरोने शून्यातून आणलेली नाही. त्याच गावच्या मुख्य चर्चमध्ये निकोलो दी सेन्याचं म्हणून ओळखलं जाणारं, शंभरेक वर्षं आधीचं वेदीचित्र आहे आणि त्यातला ख्रिस्तही असाच थडग्याच्या काठावर पाय ठेवून निशाण घेऊन उभा आहे. पिएरो ते लहानपणापासून बघत आला असणार. मी ते नंतर पाहिलं. सोनेरी पार्श्वभूमीवरचा तो ख्रिस्त दुसऱ्या जगातला वाटतो. पिएरोने सोनं काढून टाकलं आणि त्या जागी आपल्या गावच्या टेकड्या ठेवल्या. बस ज्या खोऱ्यातून येते तिथलेच ते उतार.

टेकड्यांवरची झाडं नीट बघा. आपल्या डाव्या हाताची निष्पर्ण आहेत, उजव्या हाताची हिरवी. ख्रिस्त मधोमध. नजर डावीकडून उजवीकडे नेली की हिवाळा संपून वसंत लागतो. पण हे इतकं गुपचूप केलंय की कोणी दाखवून दिल्याशिवाय लक्षात येत नाही. माझ्या शेजारी एक शिक्षिका शाळेच्या मुलांना घेऊन उभी होती, तिने दाखवलं तेव्हा मला दिसलं. भाषा कळली नाही, हात कळले.

थडग्याचा आडवा काठ चित्राचे दोन भाग करतो. खाली सगळा गुंता: हातपाय, शिरस्त्राणं, ढाल, भाला, हिरवे-तांबडे-तपकिरी कपडे एकमेकांत अडकलेले. वर फक्त तो एकटा, खांबासारखा सरळ. त्याचं डोकं वरच्या टोकाला आणि झोपलेल्या शिपायांची रांग पायाला, असा एक त्रिकोण तयार होतो. खांद्यावरून उतरणाऱ्या वस्त्राच्या चुण्यासुद्धा देवळाच्या खांबावरच्या खाचांसारख्या. चित्रात कुणी हलत नाही. तो उठून आला असं वाटतच नाही; तो पहिल्यापासून उभा होता आणि झोपलेल्यांना ते माहीत नव्हतं, असं वाटतं.

इथे सहकाऱ्याचं 'तो गणिती होता' मला आठवलं. पिएरोने चित्रं काढता काढता गणितावर तीन ग्रंथ लिहिले. एक व्यापाऱ्यांच्या हिशेबाचा, त्यात भागीदारी, अदलाबदल, धातूंची मिसळ अशी उदाहरणं आणि पुढे बीजगणित. हे हिशेब ज्या अंकांत मांडलेत ते अंक अरबांमार्फत आपल्याकडूनच तिकडे गेलेले, हे आठवून उगाच बरं वाटतं. दुसरा ग्रंथ पाच सम घनाकृतींवर. तिसरा, चित्रकारांसाठी यथार्थदर्शनावर, म्हणजे खोली असलेली वस्तू सपाट कागदावर कशी उतरवायची यावर. या तिसऱ्या ग्रंथाची पानं मी मागाहून इंटरनेटवर पाहिली आणि खुर्चीत सरसावून बसले. तो माणसाचं डोकं घेतो, त्याचे आडवे काप करतो, प्रत्येक कापाच्या कडेवर बिंदू ठेवतो, प्रत्येक बिंदूला आकडा देतो आणि मग डोकं कललेलं किंवा मागे टाकलेलं असताना एकेक बिंदू कागदावर कुठे पडेल ते पट्टीने आखून काढतो. आज थ्रीडी ग्राफिक्समध्ये आम्ही ज्याला वायरफ्रेम म्हणतो ते हेच. संगणक एका सेकंदात लाखो बिंदूंचं करतो, पिएरोने एकेका बिंदूचं हाताने केलं. सन १४९२ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला, त्याच्याआधी बरीच वर्षं हे लिहून झालं होतं. त्याच गावचा गणिती लुका पाचोली याने पुढे घनाकृतींवरचं त्याचं पुस्तक भाषांतर करून स्वतःच्या १५०९ च्या ग्रंथात छापलं, पिएरोचं नाव न घालता. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वासारी त्याबद्दल पाचोलीवर जाम उखडला आहे. कोड कॉपी करून नाव न देण्याची परंपरा जुनीच म्हणायची.

एवढा यथार्थदर्शनाचा पक्का माणूस, आणि या चित्रात तो स्वतःचा नियम मोडतो. शिपाई आणि थडगं आपल्याला खालून दिसतात, जणू आपण जमिनीवर बसलोय आणि नजर वर आहे. त्याच न्यायाने ख्रिस्ताची हनुवटी खालून दिसायला हवी, नाकपुड्या दिसायला हव्यात. तसं नाही. त्याचा चेहरा अगदी समोरून दिसतो, डोळ्याला डोळा भिडेल असा. एकाच चौकटीत दोन कॅमेरे लावलेत, एक खाली, एक वर. प्रोग्रॅममध्ये अशी चूक झाली तर टेस्टिंगवाले परत पाठवतील. पण ज्याने डोक्याच्या प्रत्येक बिंदूला आकडा दिला, त्याच्या हातून ही चूक होणं शक्य नाही. झोपलेल्यांच्या जगाला त्याने एक नियम लावला आणि उभ्या राहिलेल्याला दुसरा. त्यामुळेच ती नजर अशी चमत्कारिक वाटते. बाजूला सरकले, मागे गेले, बाकावर बसले. ती कुठूनही समोरच राहिली.

आणि ती नजर प्रेमळ नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण कॅलेंडरवरचा येशू आपल्या ओळखीचा असतो, सौम्य, मान थोडी कललेली. हा तसा नाही. अंग एखाद्या कसलेल्या पैलवानाचं. डोळे मोठे, पापण्या जड. आनंद नाही, विजयाचा गर्व नाही, राग तर नाहीच. फार लांबून, फार वाईट काहीतरी बघून परत आलेल्या माणसाचा चेहरा. काही जणांना तो थंड वाटतो. हक्सलेला त्यात ग्रीक-रोमन वीरपुरुष दिसला. मला तो एखाद्या मोठ्या आजारातून उठलेल्या माणसासारखा वाटला, ज्याला घरचे 'आता बरं वाटतंय ना?' विचारतात आणि तो नुसता बघत राहतो.

आता शिपाई. डावीकडच्याने हातांत तोंड लपवलंय. एकाच्या हातात भाला आहे आणि त्याचे पाय कुठे आहेत ते शोधून सापडत नाहीत. गणितीबुवांनी जागा पुरेना म्हणून ते सरळ गाळले! आणि ज्याच्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले तो, शिरस्त्राण नसलेला, डोकं मागे टाकून, तोंड जरासं वर करून झोपलेला. निशाणाची काठी त्याच्या डोक्यामागूनच वर जाते. हा चेहरा पिएरोने स्वतःचा काढलाय, असं पूर्वापार मानतात. कुठेही लिखित पुरावा नाही, पण चार जणांत याचाच चेहरा पुरता, निगुतीने काढलेला आहे, हे खरं. देवाच्या चित्रात चित्रकाराने स्वतःला घालायची प्रथा होती. बहुतेक जण कोपऱ्यात भक्तासारखे हात जोडून उभे राहतात किंवा गर्दीतून आपल्याकडे बघतात. याने स्वतःला झोपलेल्यांत बसवलं. ज्या क्षणाचं चित्र काढायला बसला, तो क्षण आपणही पाहिला नाही, असं कबूल करून टाकलं.

हे लिहिताना मला आईबद्दल लिहायलाच हवं. तिला विचारूनच लिहितेय.

आमचे आजोबा, म्हणजे आईचे सासरे, घरीच गेले. शेवटचे नऊ दिवस त्यांना एकटं ठेवायचं नाही असं ठरलं होतं आणि रात्रीची पाळी आईने स्वतःकडे घेतली. बाबांना सकाळी कामावर जायचं, काका गावाहून यायचे होते. मी तेव्हा परगावी कॉलेजात. आठ रात्री ती खुर्चीत बसून होती. नवव्या रात्री, पहाटे चारनंतर कधीतरी तिचा डोळा लागला. पाचला बाबा उठले तेव्हा आजोबा गेलेले होते आणि आई खुर्चीत, मान मागे टाकून, झोपलेली. तिला कोणी एक शब्द बोललं नाही. आजी तर उलट म्हणाली, "तुला उठवायला नको म्हणून गेले असे." पण दरवर्षी श्राद्धाचा स्वयंपाक करताना आईचं एक वाक्य ठरलेलं. "एवढ्या रात्री जागले आणि नेमकं तेव्हाच." त्यावर आम्ही कधी काही बोलत नाही. काय बोलणार?

संग्रहालयाच्या दुकानातून मी या चित्राचं कार्ड आणलं होतं. खरं तर काकांसाठी, त्यांना चित्रांचा शौक. बॅग उपसताना ते जेवणाच्या टेबलावर पडलं आणि आईने उचललं.

"हा येशू ना? आणि हे कोण, खालचे?"

"पहारेकरी. थडग्यावर बसवलेले."

"पहारेकरी आणि झोपले?"

मी तिला सगळी गोष्ट सांगितली. चित्रकाराने स्वतःला त्यात काढलंय म्हणतात, तेही सांगितलं. तिने चष्मा लावला, कार्ड खिडकीपाशी नेलं.

"यातला कुठला?"

मी बोट ठेवलं. ती बराच वेळ बघत होती. मला वाटलं, ती मधल्या ख्रिस्ताबद्दल काहीतरी विचारेल.

"किती दमलेत गं," ती म्हणाली. "आणि तो बघ, रागावलेला नाही. त्यांना उठवतसुद्धा नाही."

काकांना मग दुसरं काहीतरी दिलं. ते कार्ड आमच्या फ्रिजवर आहे, गॅसच्या नंबराच्या शेजारी. श्राद्धाच्या दिवशी आई अजूनही तेच वाक्य म्हणते, त्यात फरक पडलेला नाही. पण मागच्या खेपेला तिने ते म्हणताना पुऱ्या लाटणं थांबवलं नाही.

चित्राची एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सानसेपोल्क्रोत कोणीही सांगतं. १९४४ चा उन्हाळा. जर्मन सैन्य माघार घेत होतं, इंग्रज मागून येत होते. जाता जाता जर्मनांनी गावाच्या मध्यातला जुना बेर्ता मनोरा सुरुंगाने उडवून दिला. इंग्रजांच्या तोफखान्यात अँथनी क्लार्क नावाचा एक तरुण अधिकारी होता. गावात जर्मन आहेत असं समजून त्याला सानसेपोल्क्रोवर गोळे टाकायचा हुकूम होता आणि मारा सुरूही झाला होता. डोंगरावरून खाली बघताना त्याच्या मनात घोळायला लागलं, हे नाव आपण कुठे वाचलंय? मग आठवलं. मुलगा असताना वाचलेला हक्सलेचा निबंध, आणि त्यातलं ते जगातलं सर्वोत्कृष्ट चित्र. ते अजून त्याने पाहिलेलं नव्हतं. दुर्बिणीतून पाहिलं तर गावात जर्मन दिसेनात. त्याने तोफा थांबवल्या. हुकूम मोडला, असं म्हणायला हरकत नाही. जर्मन खरोखरच निघून गेले होते. गावात शिरल्यावर तो चित्र शोधत गेला आणि ते शाबूत होतं.

युद्धानंतर हा क्लार्क दक्षिण आफ्रिकेत गेला आणि केप टाउनला त्याने पुस्तकांचं दुकान काढलं. तिथे प्रवासलेखक एच. व्ही. मॉर्टन याने त्याच्याकडून ही हकिगत ऐकली आणि आपल्या इटलीवरच्या पुस्तकात घातली, म्हणून ती जगाला कळली. सानसेपोल्क्रोत एका रस्त्याला अँथनी क्लार्कचं नाव आहे. मी त्या रस्त्यावरून चालून आले. काही विशेष नाही, घरं, मोटारी, वाळत घातलेले कपडे. त्या दिवशी तोफा थांबल्या नसत्या तर त्यातलं काय उरलं असतं, याचा विचार करत बसच्या थांब्यापर्यंत गेले. माणसं वाचली ती चित्रामुळे की निबंधामुळे, यावर मी आणि त्या इटालियन सहकाऱ्याने सोमवारी कॅन्टीनमध्ये चांगला अर्धा तास वाद घातला. त्याचं म्हणणं चित्रामुळे. माझं म्हणणं, क्लार्कने चित्र कुठे पाहिलं होतं? त्याने एका माणसाचं त्या चित्रावरचं प्रेम वाचलं होतं.

भिंतीवरच्या चित्राचं नशीब भिंतीला बांधलेलं असतं. ही भिंतही साधी नाही. भिंतीचा अख्खा तुकडा कापून आणून आजच्या जागी बसवलेला आहे, असं अभ्यासकांचं म्हणणं. मधल्या काळात कधीतरी चित्रावर चुना फासला गेला होता आणि त्या चुन्यानेच ते बहुधा राखलं. हा भूकंपाचा टापू, त्यामुळे तडे, ओल, क्षार, सगळं आलं. २०१५ मध्ये दुरुस्तीचं मोठं काम सुरू झालं आणि २०१८ मध्ये चित्र पुन्हा लोकांसाठी पूर्ण खुलं झालं. त्या कामाला बुइतोनी या पास्ता कंपनीत आयुष्य काढलेल्या एका निवृत्त गृहस्थाने स्वतःचे १ लाख यूरो दिले. ही कंपनी १८२७ मध्ये याच गावात सुरू झाली होती. काम चालू असताना पहाड उभा केला होता, पण चित्र झाकून टाकलं नव्हतं; येणारे लोक कारागिरांच्या पाठीमागून बघत असत.

हे ऐकलं तेव्हा मला आपलं कीर्तिमंदिर आठवलं. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी बांधलेली ही वास्तू, आणि तिच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात काढलेली चित्रं: गंगावतरण, मीराबाईचं जीवन, महाभारताचं युद्ध, नटीर पूजा. हीसुद्धा मेलेल्यांच्या घरात जिवंत माणसांसाठी काढलेली भित्तिचित्रंच. ती उचलून प्रदर्शनात नेता येत नाहीत, छायाचित्रात ती नुसती तपकिरी दिसतात, जायचं तर तिथेच जावं लागतं. मी बडोद्यात अठरा वर्षं राहिले आणि त्यांतली गंगा नीट पाहिली ती इटलीहून परत आल्यावर. त्या दुपारी आत मी, आई आणि रखवालदार असे तिघंच होतो.

सानसेपोल्क्रोला जायचा योग कोणाला आला तर दोन सूचना. अरेत्सोची परतीची बस शनिवार-रविवारी लवकर संपते, वेळ आधी बघून ठेवा. आणि वाटेत मोंतेर्की नावाचं खेडं लागतं, तिथे पिएरोचंच गरोदर मेरीचं चित्र आहे. निळ्या झग्याची पुढची शिवण किंचित उसवलेली आणि तिचा हात नेमका तिथे. त्या चित्राला पूर्वी गावातल्या गरोदर बायका नवस बोलायला यायच्या. मला ते बघायला वेळ मिळाला नाही. आईने त्याचंही कार्ड मागितलं आहे.